तीन महिने कुणाला सांगायचं नाही म्हणे!

मैत्रिणींनो, डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहितेय.

मला सातवा आठवडा चालू आहे. पहिलंच. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, अशी माझ्या सासूबाईंची, म्हणजे माईंची ताकीद. कारापूरला माझ्या आईलासुद्धा नाही. दृष्ट लागते म्हणे! मी मुकाट्याने ओकत राहिले.

आज सकाळी आईचा फोन आला. "मासेवालीला कळतं नि आवयला कळत नाही गो?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

आमची मासेवाली आमचं मुळगाव करून स्कूटरने पुढे कारापूरला जाते. माईंनीच तिला दारात सांगितलं होतं, "सध्या बांगडे नकोत, सुनेला दिवस गेलेत, वास सोसत नाही."

जाब विचारला तर माई म्हणतात, "ती काय परकी?"

म्हणजे परकी माझी आई!

दुपारी डिचोलीला सोनोग्राफी झाली. बाळाचे ठोके दिसले. दवाखान्याच्या पायरीवरूनच आईला फोन लावला. घरी आले तर माई दारातच उभ्या. "काय सांगितलं गो डॉक्टरांनी?"

म्हटलं, "तीन महिने कुणाला सांगायचं नाही ना, माई?"

माझं चुकलं असेल तर खुशाल सांगा. माईंना परवापर्यंत मासेवालीकडून कळेलच.