शोभाताईंचे हूक

नोकरी मागायला आलेली बाई मालकालाच पहिला प्रश्न विचारते, हे मी आमच्या राहात्याच्या शेडमध्ये पाहिलं. "शेठ, तुमचं यंत्र कुणाला न्हाई म्हणतं का?" गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी फॅट मोजून नोंदवणारी यंत्रं मी बनवतो. फॅटवरच दुधाचा भाव ठरतो. म्हणालो, "कुणालाच नाही. सगळ्यांचं ऐकतं."

"मग लई अवघड हाय," म्हणत त्या कामाला बसल्या.

शोभाताई पाथर्डीच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे, ताई मामाकडे राहून शिकल्या. यंत्रातली प्रत्येक फाईल ज्याच्या हातून उघडते आणि लिहिली जाते, त्या मूळ प्रोग्रॅमचं, कर्नलचं, त्यांना वेड होतं. त्यात त्या जागोजागी हूक बसवत. काम होण्याआधी कर्नल तिथं थांबणार आणि 'हे करू देऊ का?' असं नियमांना विचारणार.

माझ्याकडची प्रोग्रॅम लिहिणारी पोरं यंत्र उघडताना एकदाच पासवर्ड विचारून मोकळी व्हायची. एकदा ताईंनी माझ्यासमोर एका कॅनचं दूध तपासलं आणि मी फोन घेतला तेवढ्यात दुसराच कॅन ओतला. "तपासलेलं दूध कुठाय, शेठ? दारात तपासून भागत न्हाई. वततानाच धरायचं." हूक लिहायला त्यांना तासभर लागे; तो कुठं बसवायचा, यावर आठवडा जाई.

बिनसलं ते एका मोठ्या ऑर्डरवरून. त्या डेअरीच्या चेअरमनला नोंदलेलं फॅट गुपचूप बदलायची सोय हवी होती. सौद्याच्या भरात मी हो म्हणून बसलो.

"हूक निस्ता अडवतो," ताई म्हणाल्या. "वशिल्यानं आत सोडायचं त्याला येत न्हाई."

"मग नोंद बदलू न देणारा तो हूकच काढा."

"तुमी काढा. मी घरी जाते."

मी नको ते बोललो. मला तो काढता आला नाही. ऑर्डर गेली, ताईही पुण्याला गेल्या. माझ्याच शेडमध्ये माझा सौदा मोडला, हे अजून सलतं.

गेल्या वर्षी काष्टीजवळच्या केंद्रावर आमच्या यंत्रावरून दूधवाले खवळले, म्हणून मी तिथं गेलो. फॅट मागाहून बदलतात, म्हणाले; यंत्र उचलून न्या. एका म्हातारीनं भरला कॅन माझ्या पायाशी ठेवला. "मालक तूच ना? मग माझं कालचं बदलून दाव."

सगळ्यांसमोर मी मालकाचा पासवर्ड टाकला. यंत्रानं नकार दिला. पुन्हा केलं. पुन्हा नकार. म्हातारीनं स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कॅनचं झाकण काढलं. तिच्यामागं रांग लागली.

तिथूनच ताईंना फोन लावला. "तुमच्या हूकनं मला चारचौघांत नाही म्हटलं."

"मालकाला?"

"मालकाला."

"मग नीट चाललंय, शेठ."

त्या ऑर्डरवरून त्यांना चार शब्द सुनवायचे होते. राहूनच गेलं.