खरखरीत आवाज

काल दुपारी ताईच्या पायाचा अंगठा ठेका धरताना दिसला आणि मला हायसं वाटलं.

ताई गाणं शिकवायची. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज घोगरा झाला, तेव्हापासून ती बोलायचीच थांबली होती. काही हवं असलं की कागदावर लिहून दाखवायची. काल मी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतली दुःखाची गाणी गाणाऱ्या एका जुन्या गायकाची गाजलेली रेकॉर्ड लावली होती. सोबतीला एकटी गिटार आणि वरच्या सुरावर फाटणारा खरखरीत आवाज.

"याचा घसा बसलाय का?" ताईने विचारलं.

महिन्याभरात पहिल्यांदाच ती बोलली होती. मी मुद्दामच तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाही गं, त्याचा आवाजच तसा आहे. लोक तोच ऐकायला यायचे."

"सुरात मात्र पक्का आहे," ती म्हणाली.

आपण निर्मळ गळ्यालाच गळा म्हणत आलो. या माणसानं आपला फाटका आवाज लपवला नाही, त्यातच आपलं दुःख गाऊन ठेवलं, आणि इतक्या वर्षांनी ते आमच्या घरात कुणाच्या तरी कामी आलं.

ताईने रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्या ओळीपासून ती हळूच, घोगऱ्या आवाजात त्याच्याबरोबर गुणगुणू लागली.