पुढच्या गेटला बंद, मागच्या गेटला चालू

पाणी मीच पाजलं. माझ्या ह्याच हातानं. हे आधीच सांगून टाकते, मंग पुढं ज्याला माझा राग यायचा त्याला येऊ द्या.

माझी लेक दीड वर्षाची झाली तरी चालत नव्हती. धरून उभी राहायची, हात सोडला की बसायची. म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, तलावावरच्या आसरांना नवस बोलला. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी, काठावर शेंदूर लावलेले सात दगड असतात त्यांचे, लेकराबाळाचं त्या बघतात. पोरगी चालली की तिचे पाय तलावात बुडवायचे, दहीभात ठेवायचा, आन त्या तलावाचं ओंजळभर पाणी तिला पाजायचं. आन दोन वर्षाची होता होता पोरगी चालायली. चालायली कसली, पळायलीच. मंग नवस फेडायलाच पायजे.

रविवारी निघालो. आमचे हे म्हणले, तिथं आता बाग झालीय, बदकाच्या बोटी हायेत, पोरीला बोटीत बी बसवू. रिक्षावाल्यानं मागच्या गेटला सोडलं, आमच्या कॉलनीतून तेच जवळ पडतं. गेटवर पाटी, 'बोटिंग चालू आहे.' मी आठवीपस्तोर शिकलेय, पाटी वाचता येते मला. वाचली आन आत गेले.

पाणी बघितलं आन थबकलेच. काठाला सगळं हिरवंगार. दगडाला शेवाळ असतं तसलं नाय, कुणी रंगाचा डबा उपडा केल्यावानी, वर चकाकणारी साय आलेली. वास बी लई घाण, कुजलेल्या भाजीचा.

"आत्याबाई, हे पाणी असं काऊन दिसायलंय?"

"असं म्हणजे कसं? आसरांनी हिरवं लुगडं नेसलंय. तुझ्या डोहाळजेवणाला तू नेसली नव्हतीस का हिरवं?"

"पण वास येतोय हो."

"तोंड सांभाळ. देवाच्या दारात वासाचं बोलायलीस?"

ह्यांच्याकडं बघितलं तर हे मोबाईलवर फोटो काढायले. काय करू मी? बोटानं ती साय बाजूला सारली, खालचं जरा निवळ वाटलं ते ओंजळीत घेतलं आन लेकीच्या तोंडाला लावलं. तिनं तोंड वाकडं केलं. पण गिळलं. आईच्या हातचं लेकरू गिळतंच, त्याला काय कळतंय.

संध्याकाळी ओकली. मंग परत ओकली. मंग जुलाब. अंघोळ घालायला घेतली तर पायाला लाल पुरळ, पाण्यात बुडवले होते तिथवरच, बरोबर मोजे घातल्यावानी. ह्यांना म्हणलं उठा, हे म्हणले दात यायलेत तिला. दात यायलेत म्हणून पायाला पुरळ येतं का? कुणी सांगा मला!

सकाळी कॉलनीतल्या डॉक्टरकडं पळत नेली. त्यांनी पोट दाबलं, डोळे बघितले, पाय बघितले.

"काय खाल्लं होतं?"

मी खाली मान घालून सांगितलं. वाटलं आता रागावतील. रागावले नाहीत, त्यानं मला आणखीच भ्या वाटलं.

"सगळंच शेवाळ वाईट नसतं," ते म्हणले. "पण त्यात एक विषारी जात असते, ती लिव्हरला धरते. डोळ्यांनी ओळखता येत नाही, पाणी तपासावं लागतं. तिथं तपासलंय का ते कळलं तर बरं होईल. तोवर तिला चमच्याचमच्यानं ओआरएस पाजा. लघवी झाली नाही, झापड यायला लागली, डोळे पिवळे दिसले, तर थांबायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

ह्यांचा फोन लागेना, कंपनीत आत फोन नेऊ देत नाहीत. लेकीला आत्याबाईंच्या मांडीवर दिली, चमचा हातात दिला, आन मीच निघाले. ह्या खेपेला सिटी बसनं गेले, बस पुढच्या गेटला थांबते. खाली उतरले आन समोरच पाटी. 'पाण्यात शेवाळ वाढल्याने बोटिंग व पाण्यात उतरणे बंद.' एवढी मोठी, लाल अक्षरात! मला तिथंच रडू आलं. पाटीच्या खाली वॉचमन खुर्ची टाकून बसलेला.

"काका, तलाव बंद हाय का?"

"व्हय, बंद हाय."

"मंग त्या बोटी कशा फिरायल्यात?"

"ते मागच्या गेटचं हाय. माझी ड्युटी पुढच्या गेटला."

"पाणी तर एकच हाय ना, काका?"

"पाणी एकच हाय, ताई. ठेकेदार दोन हायेत."

हसला वरून. मी काठाकाठानं चालत बोटवाल्याकडं गेले. तो बोटीतलं पाणी डब्यानं उपसायला होता. पाणी चांगलं हाय का, विचारलं.

"काय कू डरते भाभी? मैं रोज इसीच पानी में हात धोतूं. हुआ क्या कुछ?" म्हणून त्यानं हात पुढं केले. मनगटापस्तोर खाजवून लाल झालेले.

"हे काय मंग?"

"ये तो साबन से हय."

"पाणी तपासलं का कुणी?"

"वो हापिस में पूछो. अपन को बोले चलाओ, चलायले."

महापालिकेच्या ऑफिसात गेले. घरी फोन केला, आत्याबाई म्हणल्या आणखी एकदा ओकली, पण झोपलीय. झोपलीय का झापड हाय? मी म्हणलं उठवा तिला. त्या म्हणल्या झोपलेलं लेकरू उठवू नये. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ओरडले, उठवा म्हणते ना! सगळे माझ्याकडं बघायले. फोनमधून लेकीच्या रडण्याचा आवाज आला तवा मी पुढची पायरी चढले.

पहिल्या टेबलावरचे म्हणले, "ती बंदची पाटी जुनी आहे, मागच्या उन्हाळ्यातली. काढायची राहिली."

दुसऱ्या टेबलावरच्या मॅडम म्हणल्या, "नाही हो, ती नवीनच आहे. मागच्या गेटला लावायची राहिली."

दोघांची टेबलं एवढी जवळ की एकमेकांच्या डब्यातलं खाता येईल. मी म्हणलं, "तुम्ही दोघं आधी एकमेकांत बोलून घ्या, मी थांबते." तर दोघंही माझ्यावरच नाराज.

"मॅडम, पाणी तपासलंय का, एवढंच सांगा."

"सॅम्पल गेलंय."

"मंग?"

"रिपोर्ट यायचाय."

पहिले म्हणले, "रिपोर्ट आलाय की. साहेबांच्या सहीला आहे."

"त्यात काय लिहिलंय?"

"सही झाल्याशिवाय आम्ही कसं उघडणार, ताई?"

"माझी लेक दोन वर्षाची हाय, ओकायलीय, तिचं लिव्हर काय तुमच्या सहीसाठी थांबणार हाय का?" माझा आवाज फाटला. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला. पिऊ का नको, तेच कळेना मला. शेवटी म्हणल्या, असं करा, अर्ज द्या. अर्जात काय लिहू, विचारलं तर म्हणल्या, लिहा, पाण्याबाबत माहिती मिळणेबाबत. मी लिहिलं. 'मिळणेबाबत' लिहिताना दोनदा खोडलं. शिक्का मारून दिला त्यांनी, शिक्क्याला मात्र कुणाची सही लागली नाय.

तोवर घरच्या ग्रुपवर बातमी गेलेली. नणंदेनं व्हिडिओ धाडला की हिरवं पाणी अंगाला लावलं तर कातडीचे रोग जातात. चुलतदिरानं धाडला की असल्या पाण्यानं म्हशी मरतात. कंपनीतून सुटल्यावर दोन्हीच्या खाली आमच्या ह्यांनी हात जोडले. आता हे हात जोडणं कंच्या व्हिडिओसाठी होतं, मी आजपस्तोर विचारलं नाय.

लेकीला घेऊन परत डॉक्टरकडं गेले, सगळं सांगितलं, दोन पाट्या, दोन ठेकेदार, रिपोर्ट यायचाय आन आलाय. त्यांनी लेकीचे डोळे परत बघितले.

"म्हणजे काहीच कळलं नाही."

"नाय."

"मग विषारी आहे असंच धरून चालू. रक्त घेऊ."

एवढं एकच बोलणं मला त्या दिवशी सरळ वाटलं. एवढासा हात तिचा, त्यात सुई. मी तोंड फिरवलं नाय. म्हणलं, पाजताना बघितलं, आता हे बी बघ.

रक्ताचा कागद येईपस्तोर मी तिच्या पापण्या खाली ओढून बघत होते. ट्यूबलाइटखाली पिवळं दिसायचं, दारात नेलं की पांढरं. चड्डी ओली झाली की मला देव भेटल्यागत व्हायचं. दुसऱ्या दिवशी कागद आला, लिव्हर बरं हाय म्हणले डॉक्टर, तरी आठ दिवसांनी परत दाखवा. तिसऱ्या दिवशी लेकीनं माझ्या ताटातली खिचडी ओढली.

"बगितलंस?" आत्याबाई म्हणल्या. "आसरांनी राखली."

"आजारी बी त्यांच्याच पाण्यानं पडली ना, आत्याबाई."

त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण चमचा चमचा पाजत तीन दिवस मांडी हलवली नव्हती त्यांनी, हे बी खरंय.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले, अर्जाचं काय झालं ते बघायला. रविवारी ऑफिस बंद असतं हे माझ्या ध्यानातच नाय. मंग तलावावर गेले. पुढच्या गेटला बंद, मागच्या गेटला चालू. पाणी होतं तसंच. तिकिटाच्या रांगेत एक बाई उभी होती, तिच्या बोटाला धरून चार-पाच वर्षाची पोरगी. बाईनं मलाच विचारलं, "ताई, पाणी चांगलं हाय का हो? आमच्या हिला हात घालायची लई सवय हाय."

म्हणलं, आता सांग. आन मला सांगता येईना. चांगलं हाय म्हणावं तर माझी लेक ओकलेली. वाईट हाय म्हणावं तर माझ्याजवळ कागद कुठंय?

"मला म्हाईत नाय," मी म्हणलं. "पण माझी पोरगी तीन दिवस आजारी होती."

"ह्या पाण्यानंच का?"

"ते बी म्हाईत नाय. कुणालाच म्हाईत नाय."

"अवो, मंग नक्की काय ते सांगा ना! इथं जो तो येगळंच सांगायलाय," म्हणून ती वैतागली आन तिकिटासाठी खिडकीत वाकली. तिची पोरगी तेवढ्यात बोट सोडून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांकडं पळाली.

मी पळत जाऊन तिचा दंड धरला. घट्ट धरला. पोरगी किंचाळली, बाई आली, म्हणली सोडा, माझी पोरगी हाय. मी सोडलं नाय. पुढच्या गेटचा वॉचमन खुर्ची सोडून एवढ्या लांबून पळत आला.

"ओ ताई, काय करायलात? लोकाच्या लेकराला हात लावायचा नाय!"

"आधी तुमची पाटी इकडं आणून लावा," मी म्हणलं, "मंग सोडते."