यादीत नसलेले कारण

महाविद्यालय सोडणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन अर्ज मीच तयार केला आणि त्यातली लिहिण्याची मोकळी चौकट जाणूनबुजून काढून टाकली, हे मी कालपर्यंत कोणाला सांगितले नव्हते. चौकटीत मुले खरे लिहीत आणि ते वरिष्ठांना कळवावे लागे. म्हणून मी फक्त यादी ठेवली: लग्न, बदली, अन्यत्र प्रवेश. एक कारण निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे.

काल कार्यालयाच्या खिडकीपाशी एका मुलीचे बोट मोबाइलवरच्या त्या यादीवरून वरखाली फिरताना दिसले.

“काका, यातलं माझं काहीच नाही. प्रयोगशाळेतले सर त्रास देतात, ते कुठे लिहू?”

“एखादं निवड गं, अर्ज पुढे जाईल,” मी सवयीने म्हणालो.

तिने ‘लग्न’ निवडले. “घ्या, लागलं माझं लग्न! घरी अजून स्थळसुद्धा बघितलेलं नाही.”

प्रश्न रचणारा समोरच्याचे दुःखही रचू पाहतो का? माझ्या यादीने अशा किती जणींची लग्ने लावली असतील?

ती जिन्याकडे वळली होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “बाळ, थांब. लिहायची जागा मीच काढली. मी घाबरलो होतो. माझं चुकलं, मला माफ कर.”