भाऊजींचा रेडा

चिनहटच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "माताजी, अरुणजी नहीं रहे..." खुर्चीत बसल्या बसल्याच गेले, म्हणे. मी गॅस बंद केला नि दारातल्या त्यांच्या चपला सरळ केल्या. अरुणभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचे हे फौजेत होते, बॉर्डरवरच वारले, तेव्हा भाऊजी शाळेत. या हिंदी मुलखात चारबागेतल्या रेल्वेच्या मराठी लोकांचे जेवणाचे डबे करून मी त्यांना शिकवलं. रडायला फुरसत नव्हती, बरंच झालं.

कॉम्प्युटरच्या नोकरीला लागल्यावर एकदा म्हणाले, "वहिनी, आज ऑफिसात नवी रेड लावली." मी चौथी शिकलेली. म्हणलं, "रेडा? चौथ्या मजल्यावर? नि शेण कोण काढतं?" इतके हसले, की चहा नाकातून आला. तेव्हापासून आमच्या घरात रेडाच. मग समजावलं, की रेड म्हणजे कॉम्प्युटरच्या बऱ्याच डिस्का एकत्र जुंपायच्या, सामान एकाच डिस्कवर ठेवायचं नाही, ती कधीतरी मरतेच. रेड्यांना नावं नसतात, नंबर असतात. शून्याचा रेडा म्हणजे अर्धं इकडं, अर्धं तिकडं. पळतो जोरात, पण एक डिस्क मेली की सगळंच गेलं. पहिल्याचा म्हणजे दोन्हीवर तेच ते, जागा डबल खातो. पाचव्याला तीन तरी डिस्का लागतात, एक मेली तर बाकीच्यांवरून तिचं सामान जुळवता येतं. सहाव्याला चार, त्यातल्या दोन मेल्या तरी चालतं. "नि घराला आग लागली तर?" "तर सगळेच रेडे भाजतात, वहिनी. म्हणून एक कॉपी गावी, साताऱ्याला!"

आमचे हे बॉर्डरवरून कॅसेटीत बोलून पाठवायचे. फिती तुटायला लागल्या, तसा त्यातलं बोलणं भरून ठेवायला भाऊजींनी घरी दोन डिस्कांचा डबा आणला. "कुठला रेडा बांधू?" "पहिला," मी म्हणलं, "एक गेला तरी दुसऱ्याकडं सगळं राहतं." ते माझ्याकडं बघत म्हणाले, "अच्छा, एकदम सही." साताऱ्याची कॉपी मात्र आज-उद्या करत राहूनच गेली.

भाऊजींच्या तेराव्यानंतर डबा पीं पीं करायला लागला. एक दिवा लाल. म्हणजे यांचा आवाज आता एकाच डिस्कवर. भाऊजींनी शिकवल्याप्रमाणं लाल दिव्याची डिस्क ओढून काढली, त्यांच्या कपाटातली नवी बसवली. डबा घुर्र घुर्र रवंथ करत राहिला, मी समोर पाट टाकून बसले. "सावकाश रे, घाई कुणाला." संध्याकाळी दोन्ही दिवे हिरवे. लावून बघितलं, तर आधी भाऊजीच, "टेस्टिंग... वहिनी, रेडा बोलतोय," नि मग हे.

भाऊजींच्या ऑफिसातल्या पोरीकडून साताऱ्याची कॉपी करून घेतली. अलीगंजच्या पोस्टात भैयानं पार्सल हलवून बघितलं. "अम्मा, इसमें क्या है?"

म्हणलं, "भैंसा. सँभाल के."