सेलमचा साबुदाणा आणि माझे पाय

महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, केवळ माझ्या पायांमुळे, जर्सी सिटीतल्या अख्ख्या मराठी मंडळानं साबुदाण्याची खिचडी खायला नकार दिला होता. पाय धुतलेले होते. खरं तर ते धुतलेले होते, हाच सगळा घोटाळा!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचं मंडळ तेव्हा एका चर्चचं तळघर भाड्यानं घ्यायचं. (वर येशू, खाली महादेव. दोघांचं एकमेकांशी उत्तम चाललं होतं. भांडणं फक्त आमच्यात!) त्या वर्षी खिचडीचा मान माझ्या बायकोला, मंदाला, मिळाला होता. पहिल्यांदाच! तोवर दरवर्षी खिचडी करायच्या त्या अध्यक्षांच्या सौभाग्यवती शैलावहिनी. त्या सुपरमार्केटमधला अमेरिकन टॅपिओका वापरायच्या, त्यामुळे त्यांची खिचडी वाढायला डाव लागायचा आणि डावापासून सोडवायला नवरा लागायचा. मंदानं मात्र क्वीन्सच्या इंडियन स्टोअरमधून खास सेलमचा साबुदाणा आणला होता. दाणा न् दाणा मोकळा!

"पुरेल का हो सगळ्यांना?" मोठमोठी पातेली गाडीत ठेवताना ती दहाव्यांदा म्हणाली. "कमी पडली तर शैलावहिनी जन्मभर ऐकवतील."

"पुरेल!" मी म्हणालो. "आणि आधी माझा कार्यक्रम आहे. तो बघूनच लोकांचं पोट भरेल."

माझ्या तोंडून कधी नव्हे ते खरं भविष्य बाहेर पडलं ते असं.

कार्यक्रमाचं नाव होतं 'माझा सेलम जिल्हा'. अमेरिकेत येण्यापूर्वी एक यंत्र बसवायला कंपनीनं मला काही महिने तमिळनाडूतल्या सेलमला पाठवलं होतं. तेवढ्या मुक्कामावर जिल्ह्याला 'माझा' म्हणायला मला मुळीच संकोच वाटला नाही. पोलाद, आंबे, चांदीचे पैंजण, साबुदाणा, येरकाडचं थंड हवेचं ठिकाण, सगळ्याच्या स्लाइड्स माझ्याकडे होत्या. खिचडी खाण्याआधी साबुदाणा कुठून येतो हे लोकांना कळावं, ही कल्पना माझीच. मंडळात तिचं इतकं कौतुक झालं की मी स्वतःही केलं.

चर्चच्या पायऱ्यांवर बर्फ होतं. माझा मित्र शिरीष स्लाइड्सचा गोल ट्रे घेऊन पुढे चालला होता. तो सावकाश उतरला. ट्रे त्याच्या आधी पोचला.

"अरे यार, सॉरी!" बर्फातून स्लाइड्स वेचत शिरीष म्हणाला. "कुठल्या ऑर्डरमध्ये लावू?"

"लाव कशाही. ऑर्डर मला पाठ आहे!"

ती मला पाठ होती. स्लाइड्सना नव्हती.

दिवे मालवले. प्रोजेक्टरपाशी शिरीष. मी पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभा. (वक्त्यानं श्रोत्यांच्या डोळ्यांत बघून बोलावं, असं माझं मत होतं. आता नाही.) पडद्यावर काय दिसत होतं ते मला नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो.

"हे येरकाड! ही धुक्याची नाजूक ओढणी बघा!" पडद्यावर कारखान्याचं धुराडं काळाकुट्ट धूर ओकत होतं. लोक हसले. मला वाटलं, 'नाजूक ओढणी' आवडली.

"आणि हा सेलमचा सुप्रसिद्ध मलगोवा आंबा! गोल, गुळगुळीत, पिवळाधमक! वाटतं, इथेच चावा घ्यावा!" पडद्यावर आमच्या मॅनेजरसाहेबांचं टक्कल, मागच्या बाजूनं. टाळ्या पडल्या. मी रंगात आलो.

"आता साबुदाणा! कंद किसतात, त्याचा चीक काढतात, गोळ्या करून भाजतात आणि उन्हात वाळवतात. हे काम करणारी ही मंडळी बघा. किती कष्टाळू! किती स्वच्छ!" पडद्यावर येरकाडची माकडं एकमेकांच्या उवा बघत होती.

यावेळी हशा जरा चाचपडत आला. मागच्या रांगेतून "म्हणजे?" असंही ऐकू आलं. मी आवाज आणखी वाढवला.

"हा कंद मूळचा अमेरिका खंडातला, बरं का! आपल्याकडे नंतर आला. त्याचा दुधासारखा चीक या हौदात साठवतात." नेमकी याच वेळी हौदाची खरी स्लाइड आली. लोकांनी "अच्छा!" म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. मी हात उंचावला. "आता या हौदात सगळ्यात महत्त्वाचं काम कसं होतं, ते बघा! यामुळेच साबुदाण्याला त्याची ती खास चव येते!"

खट्!

पडद्यावर मी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही पाय पाण्यात, चेहऱ्यावर परमानंद.

मग दाणीकाकूंचा आवाज आला. काकू नागपूरहून मुलाकडे आलेल्या, आणि उपासाला काय चालतं न् काय नाही यात आमच्या मंडळाचं सुप्रीम कोर्ट.

"हे पाय कोणाचे हो?"

स्लाइड येरकाडच्या तळ्याची असेल, एवढं न बघताही मी ओळखलं. "माझेच, काकू!" मी छाती फुगवून म्हणालो. "रोज ड्युटी संपली की तासभर असा पाय सोडून बसायचो!"

"ईऽऽ, ग्रॉस!" एका कार्टीनं सगळ्यांच्या मनातलं इंग्रजीत सांगून टाकलं.

दिवे लागले. मंदा पदर खोचून, हातात डाव घेऊन पातेल्यामागे उभी. खिचडीची वाफ दरवळतेय, सगळे सकाळपासून उपाशी, आणि टेबलापुढे कोणी नाही!

"मला ॲसिडिटी आहे हो."

"मी फक्त केळं घेईन."

"माझा आज निर्जळी उपास आहे." (हे गृहस्थ कोकचा तिसरा कॅन पीत होते.)

शैलावहिनी मधाळ आवाजात म्हणाल्या, "माझ्या गाडीत बटाट्याचे वेफर्स आहेत. मशीनवर केलेले. कुणाचा हात नाही... आणि पायसुद्धा नाही!"

मंदाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिनं डाव पातेल्यात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तसं तिनं यापूर्वी एकदाच बघितलं होतं, मी तिच्या वडिलांना बुद्धिबळात मुद्दाम हरवल्याचं सांगितलं तेव्हा.

"अहो, हे पाय कुठे होते?"

"तळ्यात. येरकाडच्या."

"आणि साबुदाण्याचा कारखाना तुम्ही आतून कधी पाहिलात?"

आता बघा, माझ्यापुढे दोन वाटा होत्या. सेलम जिल्ह्यावरचा मंडळातला एकमेव तज्ज्ञ म्हणून मिरवत राहायचं, किंवा बायकोची खिचडी वाचवायची. मी घसा खाकरला.

"आतून म्हणजे... तसं गेटपर्यंत गेलो होतो. रखवालदारानं सोडलं नाही."

"मग ती हौदाची स्लाइड?"

"विकत घेतली. स्टेशनसमोर."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" मंदा वळून म्हणाली. "हे साबुदाण्याच्या जवळपाससुद्धा फिरकलेले नाहीत!"

इतक्या आनंदानं माझी अब्रू गेलेली मी कधी पाहिली नव्हती. तळघरभर हास्याचा कल्लोळ झाला. पण शैलावहिनी हटेनात. "तरी तो कंद अमेरिकेतला म्हणे. उपासाला कसा चालेल?"

सगळे सुप्रीम कोर्टाकडे वळले. दाणीकाकूंनी बशी उचलली.

"अगं, बटाटा अमेरिकेतला, शेंगदाणा अमेरिकेतला, मिरचीसुद्धा इथलीच. माझ्या नातवाच्या पुस्तकात आहे. ही खिचडी माहेरी आलीय, बाई! तिचा असा अपमान करायचा का? वाढ गं मंदा. आणि लिंबू दे."

त्यानंतर टेबलापुढे जी झुंबड उडाली, तिला तोड नव्हती. शैलावहिनींनी दोनदा घेतली. (दुसऱ्यांदा 'यांच्यासाठी' म्हणून.) मी बशी घेऊन पोचलो तेव्हा पातेल्यात डाव तेवढा होता. त्या रात्री मी शैलावहिनींचे वेफर्स खाल्ले. हाताबिताचा स्पर्श नसलेले.

तेव्हापासून आमच्या मंडळात माझ्या कलेला कायमचं स्थान मिळालंय. दिवाळी असो, संक्रांत असो, पाहुणे जास्त आणि जेवण कमी दिसलं की स्वयंपाकघरातून मंदा धावत बाहेर येते आणि माझ्या कानात कुजबुजते:

"अहो, पुरणार नाही वाटतं. स्लाइड्स आणल्यात ना?"