दौंडच्या बूथवरून ऐकलेला माग

माझे वडील धुळाजी. मी त्यांना आप्पा म्हणायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ती मला चढवली त्यांनी. म्हणून सुरुवात त्यांच्या नावानं करतोय.

भूत, करणी, मुंजा... यावर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरातले अनुभवही मी करमणूक म्हणूनच वाचत आलो. पण एक गोष्ट गेली काही वर्षं घशात अडकल्यासारखी झाली आहे, ती आज लिहून टाकतो.

आमचं गाव निमोणे, तालुका शिरूर. आजोबांपर्यंत मेंढरं होती. आप्पांनी मेंढरं विकून घोंगड्यांचा माग घातला. पडवीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून ते बसायचे आणि प्रत्येक आडवं सूत लाकडी पट्टीनं ठोकून बसवायचे. तरुणपणी बाभळीवरून पडून त्यांचा उजवा खांदा निखळला होता. त्यामुळे दोन ठोके झाले की खांदा दुखायचा, ते क्षणभर थांबायचे आणि मग तिसरा. ठक-ठक... ठक. हा आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. पण मला त्यांनी मागावर कधी बसू दिलं नाही. "तुझी बोटं पेनासाठी हायती," म्हणायचे.

सूत आई कातायची. कोकराची पहिली मऊ लोकर आली की आप्पा ती आईसाठी बाजूला ठेवायचे, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. आणि वर चिडवायचे, "हिचं सूत आन् हिचं बोलनं, दोनी तुटत न्हाई."

"तुटलं आसतं तर तुमी कवाच पळाला आसता," आई म्हणायची.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी दौंडला कॉलेजात होतो. गावात आमच्या घराला लागून शंकरमामांचं किराणा दुकान, आणि फोन तिथंच. दुकानाची मागची भिंत म्हणजे आमची पडवी. फोन केला की मागाचा आवाज आधी यायचा, माणसं नंतर. आप्पांना अक्षर येत नव्हतं, माझी पत्रंही मामाच त्यांना वाचून दाखवायचे.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून फोन लावला.

"मामा, मी पास झालो! बी.ए. झालो!"

पलीकडे मागाचा आवाज चालू होता — ठक-ठक... ठक.

"मामा, ऐकताय ना?"

"व्हय रं... ऐकतुय. सोपाना, तू आसं कर —"

"आप्पांना उठवू नका हं. मागावर बसलेत ना, येतोय आवाज. खड्ड्यातनं उठायला त्रास होतो त्यांना. तुम्हीच सांगा."

"कसला आवाज?"

"मागाचा! कान गेले का मामा? म्हातारे झालात."

मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तू घरी ये. लगीच ये."

मला वाटलं, आनंदानं बोलावतायत. "परवा येतो, पेढे घेऊन!" असं म्हणून मी फोन ठेवला. तिथनं पोस्टात गेलो, आप्पांना पत्र लिहून टाकलं आणि मित्रांबरोबर सिद्धटेकला दर्शनाला गेलो.

आप्पा त्या दिवशी पहाटेच गेले होते. छातीत कळ आली, शिरूरला न्यायला जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं. चुलतभाऊ बाळू मला न्यायला मोटारसायकलवर आधीच निघाला होता. फोनवर सांगण्यापेक्षा तो समोर बसून सांगेल, असं मामांना वाटलं. बाळू दुपारपर्यंत खोलीवर माझी वाट बघत बसला आणि मातीला पोचायचं म्हणून निरोप ठेवून परत फिरला. तो निरोप मला संध्याकाळी मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचलो तेव्हा बघायला राख होती.

आमच्यात विणणारा माणूस गेला की त्याचा ताणा, म्हणजे मागावर ताणलेलं उभं सूत, तसंच ठेवत नाहीत. चुलत्यांनी आठ वाजताच ते कापलं होतं. अर्धं विणलेलं घोंगडं आप्पांच्या अंगावर घातलं होतं. म्हणजे मी फोन केला तेव्हा माग रिकामा होता. त्यावर ठोकायला एक धागा नव्हता.

मामा शपथेवर सांगतात, त्यांना काही ऐकू आलं नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "मी तितंच बसली हुती रं. माग गप हुता."

मी शिकलेला माणूस. क्रॉस कनेक्शन, शेजारचं सुतारकाम, कानाची सवय... सगळं स्वतःला सांगून पाहिलं. पण तो मधला थांबा? तो दुखणारा खांदा दुसऱ्या कुणाचा असणार?

लोक म्हणतात, बापानं जाता जाता आशीर्वाद दिला. मला तसं वाटत नाही. तो आवाज आला नसता तर मी म्हणालो असतो, "मामा, आप्पांना बोलवा." मग मामांना सांगावंच लागलं असतं. मी पोचलो असतो, त्यांचं तोंड पाहिलं असतं. त्या आवाजानंच मला दौंडात धरून ठेवलं. माझ्या आप्पांनी असं का करावं? त्यांनी केलं नसेल, तर मग कुणी केलं? मला माहीत नाही. या प्रश्नावर मी आईशीही पुन्हा बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सावडून आलो तर पोस्टमन दारात उभा. माझंच पत्र. आई म्हणाली, "त्यांचं हाय. फोडू नगं." तेव्हापासून ते तसंच चिकटलेलं होतं. आज फोडलं. जसं आहे तसं उतरवतो.

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

मी पास झालो. सेकंड क्लास. मामांनी सांगितलं असेलच, तरी लिहितो. फोनवर तुमचा आवाज ऐकला नाही पण माग ऐकला, बरं वाटलं. खांद्याला तेल लावत जा. आईला सांगा, मी जेवतो वेळेवर. आता एक-दोन ठिकाणी नोकरीला अर्ज करणार आहे. कॉलेजात बोर्डावर यादी लागली आहे. त्यात माझ्या नावाच्या पुढं तुमचं नाव छापलंय. धुळाजी. पोरं गर्दी करून होती, तरी मी बोट ठेवून ते दोनदा वाचलं. आल्यावर तुम्हाला तेवढी अक्षरं शिकवतो. अवघड नाहीत, तीनच आहेत.

तुमचा,
सोपान